ॲपोर्ट पॅकेज हुक

ॲपोर्ट पॅकेज हुक हे उबुंटू या लिनक्स वितरणातील ॲपोर्ट नावाच्या क्रॅश अहवाल साधनाला जोडले जाणारे छोटे प्लगइन आहे. एखादा प्रोग्राम अचानक बंद पडला की ॲपोर्ट त्या घटनेचा सर्वसाधारण अहवाल तयार करते. मात्र त्या विशिष्ट प्रोग्राममधील दोष शोधण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल, हे ॲपोर्टला ठाऊक नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रोग्रामचे विकसक किंवा पॅकेजची देखभाल करणारे स्वयंसेवक पायथन भाषेत एक लहान फाइल लिहून पॅकेजसोबत देतात. अहवाल तयार होत असताना ॲपोर्ट ही फाइल शोधून चालवते आणि तिने गोळा केलेली माहिती अहवालात समाविष्ट करते.

हुक लिहिणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अनेक हुक जेमतेम दहा-वीस ओळींचे असतात. परंतु हा कोड दुसऱ्याच्या संगणकावर, लेखकाच्या गैरहजेरीत आणि काहीतरी आधीच बिघडलेले असताना चालतो. तो जी माहिती उचलतो ती संगणकाबाहेर जाऊ शकते. त्यामुळे काय गोळा करावे याइतकाच काय गोळा करू नये, हा प्रश्न हुकच्या लेखनात महत्त्वाचा ठरतो.

या लेखात फाइली, फंक्शने आणि अहवालातील घटक यांची नावे देवनागरीत लिप्यंतरित केली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

प्रोग्राम कोसळतो त्या क्षणी त्याच्या मेमरीत काय होते, कोणते फंक्शन चालू होते आणि ते कोणी बोलावले होते, ही माहिती प्रक्रिया संपताच नाहीशी होते. ती जपून ठेवली नाही, तर विकसकाला वापरकर्त्याच्या वर्णनावर विसंबावे लागते. 'प्रोग्राम बंद पडला' एवढ्या वाक्यावरून दोष सापडणे जवळपास अशक्य असते. विकसक मग उलट प्रश्न विचारतो: आवृत्ती कोणती, सेटिंगमध्ये काही बदल केला होता का, नोंदवहीत कोणता संदेश आला. उत्तरे येईपर्यंत बराच काळ जातो आणि पुष्कळदा ती येतच नाहीत.

क्रॅश अहवाल साधने या अडचणीतून निर्माण झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीमध्ये (२००१) त्रुटी अहवाल पाठवण्याची सोय दिली. उबुंटूसाठी मार्टिन पिट यांनी ॲपोर्ट विकसित केले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उबुंटू ६.१० या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. ॲपोर्ट मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेले आहे. उबुंटूमधील हजारो पॅकेजांच्या अंतरंगाची माहिती एकाच साधनात भरणे शक्य नसल्यामुळे, प्रत्येक पॅकेजने आपल्यापुरते ज्ञान हुकच्या रूपाने पुरवावे अशी रचना स्वीकारण्यात आली. विकसक एरवी पत्रोत्तरी जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे मिळवण्याची आगाऊ केलेली तजवीज, असे हुकचे स्वरूप सांगता येईल.

ॲपोर्टची कार्यपद्धती

हुक केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत चालतो हे समजण्यासाठी ॲपोर्टच्या कामाचे टप्पे लक्षात घ्यावे लागतात.

पहिला टप्पा कर्नलचा आहे. प्रोग्रामने आपल्या हक्काबाहेरच्या मेमरीला हात लावला किंवा अन्य गंभीर चूक केली, तर लिनक्स कर्नल त्याला संकेत पाठवून थांबवतो आणि त्याच्या मेमरीची प्रत काढू शकतो. या प्रतीला कोअर डम्प म्हणतात. लिनक्स कर्नलच्या २.६.१९ या आवृत्तीपासून ही प्रत डिस्कवर थेट लिहिण्याऐवजी दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती सोपवण्याची सोय आहे. 'कोअर_पॅटर्न' या कर्नल-सेटिंगच्या आरंभी उभी रेघ देऊन पुढे प्रोग्रामचा मार्ग लिहिला, की कर्नल कोअर डम्प त्या प्रोग्रामकडे पाठवतो. उबुंटूमध्ये हा मार्ग ॲपोर्टचा असतो.

दुसऱ्या टप्प्यात ॲपोर्ट 'व्हार' निर्देशिकेतील 'क्रॅश' या उपनिर्देशिकेत अहवालाची फाइल तयार करते. फाइलच्या नावात कोसळलेल्या प्रोग्रामचा मार्ग आणि वापरकर्त्याचा क्रमांक असतो. आत 'घटकाचे नाव, विसर्गचिन्ह, मूल्य' अशा साध्या मजकुराच्या स्वरूपात माहिती लिहिलेली असते. कोअर डम्पसारखी द्विमान माहिती संकुचित करून, बेस६४ पद्धतीने अक्षरांत रूपांतरित केली जाते.

तिसऱ्या टप्प्यात वापरकर्त्यासमोर खिडकी उघडते आणि घडल्या प्रकाराचा अहवाल पाठवायचा का, असे त्याला विचारले जाते. याच टप्प्यावर पॅकेजचे नाव, आवृत्ती, अवलंबित पॅकेजे इत्यादी माहिती जमवली जाते आणि हुकही याच वेळी चालतात. म्हणजेच हुक क्रॅशच्या क्षणी चालत नाही. तो नंतर, कधी काही मिनिटांनी तर कधी दुसऱ्या दिवशी चालतो. तोवर सेटिंग बदललेली असू शकते, तात्पुरत्या फाइली पुसल्या गेलेल्या असू शकतात, संगणक पुन्हा सुरू झालेला असू शकतो. हुकने वाचलेली स्थिती ही क्रॅशच्या वेळची स्थिती आहे असे गृहीत धरता येत नाही.

चौथ्या टप्प्यात अहवाल पाठवला जातो. विकासाधीन आवृत्त्यांमधील अहवाल लॉंचपॅड या दोषनोंद प्रणालीत जातात. उबुंटू १२.०४ (२०१२) पासून स्थिर आवृत्त्यांमधील क्रॅश 'व्हूप्सी' या पार्श्वप्रक्रियेमार्फत वेगळ्या त्रुटी-संकलन सेवेकडे जातात. लॉंचपॅडवर कोअर डम्प असलेली नोंद आरंभी खाजगी ठेवली जाते. सर्व्हरवर डीबग चिन्हांच्या साहाय्याने स्टॅक ट्रेस, म्हणजे फंक्शनांच्या बोलावण्याची साखळी, पुन्हा उभारली जाते आणि त्यानंतर कोअर डम्प नोंदीतून काढून टाकला जातो.

हुकचे स्थान आणि नामकरण

ॲपोर्टमध्ये हुकची वेगळी नोंदणी करावी लागत नाही. फाइलचे नाव आणि तिची जागा हीच नोंदणी असते. 'यूएसआर/शेअर/ॲपोर्ट' या निर्देशिकेत पुढील प्रकारचे हुक ठेवता येतात:

• सर्वसाधारण हुक: 'जनरल-हुक्स' या उपनिर्देशिकेतील फाइली. त्या प्रत्येक अहवालासाठी चालतात.
• पॅकेज हुक: 'पॅकेज-हुक्स' या उपनिर्देशिकेतील, पॅकेजचेच नाव धारण करणारी पायथन फाइल. ती त्या पॅकेजच्या अहवालापुरती चालते.
• स्रोत पॅकेज हुक: त्याच उपनिर्देशिकेतील, 'सोर्स_' या उपसर्गाने सुरू होणारी फाइल. एकाच स्रोतापासून अनेक पॅकेजे तयार होत असतील, तर त्या सर्वांसाठी ही एकच फाइल पुरते.

हे हुक याच क्रमाने चालतात. आधी सर्वसाधारण, मग पॅकेजचा आणि शेवटी स्रोत पॅकेजचा. याखेरीज 'सिम्प्टम्स' नावाची लक्षणाधारित स्क्रिप्ट लिहिण्याची सोय आहे. आवाज येत नाही, पडदा नीट दिसत नाही अशा वेळी दोष कोणत्या पॅकेजात आहे हे वापरकर्त्याला सांगता येत नाही. लक्षण स्क्रिप्ट काही प्रश्न विचारून योग्य पॅकेजचे नाव ठरवते.

हुकची रचना

हुकच्या फाइलीत 'ॲड_इन्फो' या नावाचे फंक्शन असणे आवश्यक आहे. ॲपोर्ट त्याला दोन गोष्टी देते: तयार होत असलेला अहवाल आणि वापरकर्त्याशी संवाद साधण्याचे साधन. जुन्या हुकांमध्ये केवळ अहवाल घेणारे फंक्शन आढळते आणि तेही चालते.

अहवाल

अहवाल हा पायथनमधील शब्दकोशासारखा, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संग्रह असतो. हुक चालू होतो तेव्हा त्यात बरीच माहिती आधीच असते. 'प्रॉब्लेमटाइप' या घटकावरून घटनेचा प्रकार कळतो. तो प्रोग्रामचा क्रॅश आहे, पॅकेज बसवताना आलेली अडचण आहे, की वापरकर्त्याने स्वतःहून नोंदवलेला दोष आहे, हे तपासून हुकला वेगवेगळी माहिती गोळा करता येते. 'एक्झिक्युटेबलपाथ' मध्ये कोसळलेल्या प्रोग्रामचा मार्ग, 'पॅकेज' मध्ये पॅकेजचे नाव व आवृत्ती, तर 'प्रॉककमांडलाइन' या अर्थाच्या घटकात तो प्रोग्राम कोणत्या आज्ञेने सुरू झाला होता ते असते.

नव्या घटकाच्या नावात रोमन अक्षरे, अंक, टिंब, जोडरेघ आणि अधोरेखा एवढीच चिन्हे वापरावीत. मोकळी जागा चालत नाही. मूल्य मजकूर किंवा बाइट यांच्या स्वरूपात असावे लागते. संख्या किंवा यादी तशीच ठेवता येत नाही. आधी तिचा मजकूर करावा लागतो. नवख्या लेखकांकडून ही चूक सहज होते.

सहायक फंक्शने

वारंवार लागणाऱ्या कामांसाठी ॲपोर्टने 'हुकयूटिल्स' हे मोड्यूल दिले आहे. त्यातील काही फंक्शने अशी:

• 'अटॅच_फाइल_इफ_एक्झिस्ट्स': फाइल असेल तरच तिचा मजकूर अहवालाला जोडते.
• 'अटॅच_कॉनफाइल्स': पॅकेजच्या सेटिंग-फाइलींपैकी मूळ स्वरूपापासून बदललेल्या फाइली जोडते. संवादाचे साधन दिल्यास आधी परवानगी विचारते.
• 'अटॅच_रिलेटेड_पॅकेजेस': संबंधित पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवते.
• 'अटॅच_हार्डवेअर', 'अटॅच_नेटवर्क', 'अटॅच_प्रिंटिंग', 'अटॅच_अल्सा': यंत्रसामग्री, जाळे, छपाई आणि ध्वनी यांविषयीची माहिती.
• 'कमांड_आउटपुट': एखादी आज्ञा चालवून तिचे उत्तर परत देते.
• 'अटॅच_रूट_कमांड_आउटपुट्स': प्रशासकाचे अधिकार लागणाऱ्या अनेक आज्ञा एकत्र चालवते. त्यामुळे वापरकर्त्याला पासवर्ड पुन्हापुन्हा द्यावा लागत नाही.

'कमांड_आउटपुट' ला आज्ञा शब्दांच्या यादीच्या रूपात दिली जाते. ती शेलमधून जात नाही. फाइलच्या नावात अर्धविराम किंवा अवतरणचिन्ह आल्यास त्याचा भलताच अर्थ लावला जाण्याचा धोका त्यामुळे टळतो. हे फंक्शन आज्ञेचे संदेश मूळ इंग्रजीत मिळतील अशीही व्यवस्था करते. संगणकाची भाषा मराठी असली, तरी जगाच्या दुसऱ्या टोकावरच्या विकसकाला संदेश वाचता यावा हा त्यामागील हेतू आहे. याउलट फाइलींतील मजकूर आणि फाइलींची नावे जशीच्या तशी राहतात. देवनागरी नाव असलेली फाइल यूटीएफ-८ पद्धतीने अहवालात येते. फाइल त्या पद्धतीने वाचता आली नाही, तर मजकुराऐवजी बाइट मिळतात. हुकने फाइल स्वतः वाचून तिच्यावर मजकुराच्या क्रिया केल्या आणि ही शक्यता विचारात घेतली नाही, तर असा हुक इंग्रजी वापरणाऱ्याच्या संगणकावर चालतो आणि इतर लिप्या वापरणाऱ्याच्या संगणकावर अडखळतो.

वापरकर्त्याशी संवाद

संवाद-साधनाद्वारे चार गोष्टी करता येतात: माहिती दाखवणे, होय-नाही असा प्रश्न विचारणे, पर्यायांतून निवड करायला सांगणे आणि फाइल निवडायला सांगणे. हुकच्या लेखकाला खिडकी किंवा बटणे घडवावी लागत नाहीत. तोच प्रश्न ग्नोम, केडीई किंवा केवळ मजकुराचा टर्मिनल यांपैकी जे असेल त्यात दिसतो.

होय-नाही प्रश्नाची संभाव्य उत्तरे तीन असतात: होय, नाही आणि 'काहीच नाही'. वापरकर्त्याने खिडकी रद्द केली किंवा अहवाल माणसाच्या सहभागाविना आपोआप तयार होत असला, तर तिसरे उत्तर मिळते. पायथनमध्ये हे उत्तर 'नन' या मूल्याने दर्शवले जाते. उत्तर न मिळणे ही संमती नव्हे, हे तत्त्व हुकमध्ये स्पष्टपणे पाळावे लागते. उत्तर 'नाही' नाही म्हणून पुढे जाणारा हुक आणि उत्तर 'होय' आहे म्हणून पुढे जाणारा हुक, या दोहोंत कोडच्या दृष्टीने एका शब्दाचा फरक असतो. वापरकर्त्याच्या दृष्टीने तो फार मोठा असतो.

उदाहरण

समजा, 'शब्दपेटी' नावाचा एक कल्पित शब्दकोश-प्रोग्राम आहे. तो शब्दांची सूची एका निर्देशांक फाइलीत ठेवतो, वापरकर्त्याने शोधलेले शब्द इतिहास फाइलीत नोंदवतो आणि ऑनलाइन कोशात प्रवेशासाठी लागणारी गुप्त किल्ली सेटिंग फाइलीत ठेवतो. क्रॅश बहुतेकदा निर्देशांक वाचताना होतात, असा विकसकांचा अनुभव आहे. त्यांच्या हुकची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल:

१. आरंभी पायथनचे 'ओएस' आणि ॲपोर्टचे 'हुकयूटिल्स' ही मोड्यूल आयात केली जातात आणि 'ॲड_इन्फो' फंक्शन लिहिले जाते.

२. फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'अटॅच_रिलेटेड_पॅकेजेस' वापरून कोशांच्या पूरक पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदवल्या जातात. कोणत्याही प्रकारच्या अहवालात ही माहिती उपयोगी असते आणि ती खाजगी नसते.

३. घटनेचा प्रकार क्रॅश असेल, तर निर्देशांक फाइलीचा आकार, बदलाची तारीख आणि वाचनाचे अधिकार नोंदवले जातात. फाइल अर्धवट लिहिली गेली आहे का, हे आकारावरूनच कळते; संपूर्ण मजकूर जोडण्याची गरज राहत नाही.

४. सेटिंग फाइल जशीच्या तशी न जोडता ती ओळीओळीने वाचली जाते आणि अक्षराचा आकार, निवडलेला कोश, निर्देशांकाची आवृत्ती अशा आधी ठरवलेल्या नोंदीच अहवालात घेतल्या जातात. गुप्त किल्ली वगळण्याऐवजी हव्या त्या नोंदी निवडल्यामुळे, पुढील आवृत्तीत आणखी एखादी गुप्त नोंद आली तरी ती आपोआप बाहेरच राहते.

५. शेवटचा शोधलेला शब्द दोषाशी संबंधित असू शकतो. तो जोडावा का, असा प्रश्न त्या शब्दासह वापरकर्त्याला विचारला जातो आणि स्पष्ट 'होय' मिळाले तरच तो घेतला जातो. उरलेला इतिहास वाचलाही जात नाही.

या हुकमध्ये एक छुपी अडचण आहे. क्रॅश एखाद्या प्रणाली-प्रक्रियेचा असेल, तर अहवालाची खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडते आणि हुकही त्याच अधिकाराने चालतो. अशा वेळी 'घरची निर्देशिका' म्हणजे प्रशासकाची निर्देशिका ठरते आणि हुक भलतीकडेच फाइल शोधतो. म्हणून फाइल न सापडणे ही हुकच्या दृष्टीने सामान्य गोष्ट असली पाहिजे.

अहवाल थांबवणे आणि वळवणे

हुकला अहवालात भर घालण्याखेरीज त्याची दिशाही बदलता येते. 'अनरिपोर्टेबलरीझन' या घटकात कारण लिहिले, तर अहवाल पाठवला जात नाही आणि ते कारण वापरकर्त्याला दिसते. वापरकर्त्याने अनधिकृत पूरक भाग बसवला असेल आणि क्रॅश त्यातूनच झाल्याचे निश्चित असेल, तर ही सोय वापरता येते. 'स्टॉपइटरेशन' हा पायथनचा अपवाद उभा केल्यासही अहवालाची प्रक्रिया थांबते.

'डुप्लिकेटसिग्नेचर' या घटकात हुकने दोषाची ओळख पटवणारा मजकूर ठेवल्यास, एकाच कारणाचे अनेक अहवाल एकत्र ओळखता येतात. 'ॲड_टॅग्ज' या फंक्शनने अहवालावर वर्गीकरणाच्या खुणा लावता येतात.

हे अधिकार काटकसरीने वापरावे लागतात. अहवाल थांबवणारी अट सैल असेल, तर खऱ्या दोषाचे अहवाल विकसकापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि न आलेला अहवाल कोणाच्याही लक्षात येत नाही.

गोपनीयता

ॲपोर्ट स्वतःहून काही काळजी घेते. प्रक्रियेच्या परिसर-चलांपैकी ठरावीक चलेच अहवालात येतात. वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव आणि घरच्या निर्देशिकेचा मार्ग यांच्या जागी सर्वसाधारण शब्द घालण्याची सोयही त्यात आहे. परंतु ही पुसणी स्टॅक ट्रेस आणि प्रक्रियेविषयीचे काही घटक अशा निवडक भागांपुरतीच असते. हुकने नव्याने जोडलेल्या घटकांना ती आपोआप लागू होत नाही. त्यामुळे हुकने जोडलेल्या प्रत्येक अक्षराची जबाबदारी हुकच्या लेखकावर राहते.

नोंदवह्यांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. 'अलीकडच्या सर्व नोंदी जोडा' ही एक ओळ लिहायला सोपी असते. पण त्या नोंदींत इतर प्रोग्रामांचे संदेश, जोडलेल्या जाळ्यांची नावे, कधी चुकून छापला गेलेला पासवर्डही असू शकतो. 'रीसेंट_सिसलॉग' या सहायक फंक्शनला शोध-नमुना द्यावा लागतो, जेणेकरून संबंधित ओळीच निवडल्या जातात. नमुना जितका नेमका, तितका अहवाल सुरक्षित आणि वाचायलाही सोपा होतो.

अहवाल पाठवण्यापूर्वी तो पाहण्याची सोय वापरकर्त्याला असते. मात्र शेकडो ओळींचा तांत्रिक मजकूर वाचून त्यातील खाजगी भाग ओळखणे सामान्य वापरकर्त्याला जमण्यासारखे नसते. संमतीचा अर्थ टिकवायचा असेल, तर निवड आधी हुकच्या लेखकाने करावी लागते.

सुरक्षाविषयक त्रुटी

हुक हा चालणारा कोड असल्यामुळे त्याच्याशी संबंधित रचनेतील चुका गंभीर ठरू शकतात. २०१६ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१६-९९५० या त्रुटीत दोष हुक शोधण्याच्या पद्धतीतच होता. ॲपोर्ट अहवालातील 'पॅकेज' आणि 'सोर्सपॅकेज' या घटकांवरून हुकच्या फाइलीचा मार्ग बनवत असे. अहवालाची फाइल कोणीही हाताने लिहू शकतो. पॅकेजच्या नावाच्या जागी वरच्या निर्देशिकेकडे नेणारा मार्ग लिहिला, तर संगणकावरील दुसरीच पायथन फाइल हुक म्हणून चालवता येत असे. त्याच वेळी उघड झालेल्या सीव्हीई-२०१६-९९४९ मध्ये 'क्रॅशडीबी' या घटकाचा मजकूर महिरपी कंसाने सुरू होत असल्यास तो थेट पायथन कोड म्हणून चालवला जात होता. ॲपोर्टच्या २.२०.४ या आवृत्तीत या त्रुटी दूर झाल्या.

२०२१ मध्ये सहायक फंक्शनांमधील त्रुटी समोर आल्या. फाइल वाचणारे 'रीड_फाइल' हे फंक्शन प्रतीकात्मक दुव्यांचा माग काढत दुसऱ्याच फाइलीपर्यंत पोहोचत असे. ओपनजेडीके या जावा संचाच्या पॅकेजांचे हुक हे फंक्शन वापरत असल्यामुळे, त्याच संगणकावरील दुसऱ्या वापरकर्त्यापुढे खाजगी माहिती उघड होण्याचा धोका निर्माण झाला. नंतर या फंक्शनात दुव्यांमागे न जाण्याची व्यवस्था करण्यात आली. २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा संस्थेने ॲपोर्टच्या मूळ कोअर डम्प हाताळणीतील सीव्हीई-२०२५-५०५४ ही त्रुटी प्रसिद्ध केली; तीही संवेदनशील मेमरी चुकीच्या हाती जाण्याविषयीचीच होती.

या घटनांवरून हुकच्या लेखकासाठी दोन नियम निघतात. पहिला, अहवालातील कोणताही घटक, अगदी ॲपोर्टने भरलेला असला तरी, अविश्वसनीय समजावा आणि त्यावरून फाइलीचा मार्ग किंवा आज्ञा बनवू नये. दुसरा, फाइल स्वतःच्या कोडने उघडण्याऐवजी सहायक फंक्शने वापरावीत, म्हणजे त्यांतील सुधारणांचा लाभ हुकला आपोआप मिळतो.

चाचणी आणि वितरण

हुकची चाचणी करण्यासाठी खऱ्या क्रॅशची वाट पाहावी लागत नाही. 'उबुंटू-बग' या आज्ञेला पॅकेजचे नाव दिल्यास दोषनोंदीचा अहवाल तयार होतो आणि हुक चालतो. क्रॅशच्या प्रकारासाठी चाचणीच्या प्रक्रियेला मेमरी-उल्लंघनाचा संकेत मुद्दाम पाठवून ती पाडता येते. तयार झालेला अहवाल 'ॲपोर्ट-सीएलआय' मध्ये उघडून, न पाठवता, त्यातील प्रत्येक घटक वाचून पाहावा.

हुकमध्येच चूक असेल आणि तो मध्येच कोसळला, तर ॲपोर्ट अहवाल रद्द करत नाही. चुकीचा तपशील 'हुकएरर' ने सुरू होणाऱ्या घटकात नोंदवून ते पुढे जाते. मात्र त्या हुकने पुढे गोळा करावयाची माहिती हरवते. म्हणून फाइल नसणे, आज्ञा नसणे, वापरकर्त्याने उत्तर न देणे आणि मूल्य मजकूर नसून बाइट असणे, या चार परिस्थितींत हुक मुद्दाम चालवून पाहणे उपयुक्त ठरते.

डेबियन पद्धतीच्या पॅकेजमध्ये हुक समाविष्ट करण्यासाठी 'डीएच_ॲपोर्ट' हे सहायक साधन आहे. पॅकेजच्या 'डेबियन' निर्देशिकेत पॅकेजच्या नावाची, '.ॲपोर्ट' हा प्रत्यय असलेली फाइल ठेवली, की बांधणीच्या वेळी ती योग्य नावाने योग्य जागी जाते.

इतर साधनांशी तुलना

फेडोरा आणि रेड हॅट वितरणांसाठी एबीआरटी हे समकक्ष साधन विकसित झाले. त्यात प्रत्येक घटनेसाठी एक निर्देशिका तयार होते आणि प्रत्येक घटक स्वतंत्र फाइलीत राहतो. प्लगइन हे पायथन फंक्शन नसून घटनाधारित नियमांच्या स्वरूपात असते. अमुक टप्पा आला आणि अमुक घटकाचे मूल्य अमुक असले, तर पुढील आज्ञा चालवा, असे नियम सेटिंग फाइलीत लिहिले जातात. त्यामुळे कोणत्याही भाषेत लिहिलेला प्रोग्राम जोडता येतो. शिवाय एबीआरटीमध्ये अहवाल तयार होताच चालणारे नियमही लिहिता येतात. ते क्रॅशनंतर लगेच चालत असल्याने त्यांना त्या वेळची स्थिती मिळण्याची शक्यता अधिक असते. मात्र त्या क्षणी वापरकर्त्याला विचारण्याची संधी नसते. ॲपोर्टचा हुक उशिरा चालतो, पण विचारून चालू शकतो.

मर्यादा

हुक लिहिणारा जेवढे दोष कल्पू शकतो, तेवढ्यांसाठीच उपयोगी माहिती गोळा होते. पूर्णपणे अनपेक्षित कारणाने झालेल्या क्रॅशमध्ये कोअर डम्प आणि स्टॅक ट्रेस हेच मुख्य आधार राहतात. प्रोग्राम बदलत जातो आणि हुक मात्र तसाच राहतो, हीदेखील एक अडचण आहे. सेटिंग फाइलीची जागा बदलली, की हुक काहीही तक्रार न करता रिकाम्या हाताने परततो. त्यामुळे प्रोग्रामच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर हुक तपासणे, आणि ज्या माहितीचा दुरुस्तीत कधीच उपयोग झाला नाही ती गोळा करणे थांबवणे, हा देखभालीचा भाग मानला पाहिजे.